धागा: जिन, बोगी, कॅरेट, डीपी… खान्देशात रोज बोलल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांची मुळं

तापीकाठ
राम राम मंडळी. शेतात, मार्केट यार्डात, रेल्वेत, सराफ्यात आणि मोबाइलवर आपण दिवसभर इंग्रजी शब्द बोलतो. आपल्याकडे येताना त्यांचे अर्थ बदलले आणि इंग्रजीत असतानाही अनेकदा बदलले. त्यांच्या जन्मकथा मात्र आपल्यापर्यंत फॉरवर्डमधून येतात, आणि त्यातल्या बऱ्याच रचलेल्या असतात. म्हणून इथे शब्द मांडताना तो इंग्रजीत साधारण कधीपासून लिहिलेला सापडतो, कोणत्या भाषेतून आला आणि अर्थ कोणत्या पायऱ्यांनी सरकला, एवढं तरी लिहावं ही विनंती.

उच्चार जुळला की मूळ एक, असं धरून चालू नका. मोट आणि मोटर बघा. दोन्ही विहिरीतून पाणी काढतात आणि एकीची जागा दुसरीने घेतली, त्यामुळे नातं असणारच असं वाटतं. पण मोट आपली जुनी, बैलांनी ओढायची. मोटर लॅटिनमधून आली, अर्थ 'हलवणारा'. याहून ठसठशीत उदाहरण 'बद' आणि 'बॅड' यांचं. बदनाम, बदफैली यांतला 'बद' फारसी. इंग्रजी 'बॅड'चाही अर्थ वाईट, उच्चारही जवळपास तोच, तरी दोघांचा काडीचा संबंध नाही. उलट 'डोअर' आणि आपलं दार सख्खे चुलत. संस्कृत द्वार आणि इंग्रजी शब्द एकाच जुन्या मुळातून वेगवेगळ्या वाटांनी आले.

काळी_कसदार
तापीकाठ दादा, कापसापासून सुरुवात करतो, कारण 'जिन' या एका उच्चाराखाली किती वेगवेगळे शब्द दडलेत हे मुलांना शाळेत कुणी सांगत नाही.

आपण 'जिनात कापूस टाकला' म्हणतो तो 'जिन' म्हणजे 'इंजिन'चं तोंड कापलेलं रूप. लॅटिन 'इंजेनियम' म्हणजे बुद्धी, कल्पकता. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'युक्तीने बनवलेलं यंत्र' असा अर्थ झाला आणि मध्ययुगीन इंग्रजीत 'जिन' कुठल्याही कळीच्या साधनाला, अगदी सशाच्या फासालाही म्हणत. एली व्हिटनीने अमेरिकेत कापसाच्या जिनचं पेटंट १७९४ मध्ये घेतलं, तेव्हा हा शब्द इंग्रजीत कित्येक शतकं जुना होता. त्यामुळे 'जिन हे शोधकाचं नाव' ही कथा साफ चूक. सरकीपासून रुई वेगळी करणारी रुळांची चरखी आपल्याकडे त्याच्या फार आधीपासून होती. व्हिटनीचं यंत्र दात्यांचं, आखूड धाग्याच्या आणि सरकीला घट्ट चिकटलेल्या कापसासाठी. आज आपल्या भागात मुख्यतः डबल रोलर चालतात, म्हणजे तत्त्वाने ते व्हिटनीपेक्षा चरखीच्या जवळचे.

प्यायची जिन वेगळी. ती डच 'येनेव्हर'वरून, म्हणजे जुनिपर या झुडपाच्या फळांवरून. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराशी तिचा संबंध नाही, जरी इंग्रजांनी मधल्या काळात ते नाव त्याच उच्चाराने वापरलं.

जीन्सची पॅन्ट इटलीतल्या जेनोआ शहरावरून, तिथल्या जाड कापडाच्या फ्रेंच नावातून. जोडीचं डेनिम हे फ्रान्सच्या नीम शहराचं. आणि डंगरी मुंबईच्या डोंगरीवरून, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

बीटी बियाण्यातला 'जीन' म्हणजे जनुक. तो शब्द डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०९ मध्ये ग्रीक मुळावरून घडवला. घोड्याच्या खोगिराला आपण 'जीन' म्हणतो तो फारसी. अरबी 'जिन्न' आणखी निराळा. देवनागरीत सगळे एकाच ओळीत बसतात, म्हणून घोटाळा होतो.

निंभोरा_बाग
बीटीचं पूर्ण रूपही सांगून टाका. बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं असतं, पण अर्थ बहुतेकांना माहीत नसतो.

काळी_कसदार
बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बॅसिलस म्हणजे छोटी काडी, जिवाणूचा आकार तसा असतो म्हणून. दुसरा भाग जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांताचा. या जिवाणूतला जीन कपाशीत घातला आणि भारतात २००२ मध्ये अशा कपाशीला परवानगी मिळाली.

आता कापसाच्याच बाजारातला दुसरा शब्द, 'कँडी'. रुईचा भाव कँडीवर निघतो आणि एक कँडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. हा आकडा असा वेडावाकडा का, याचं उत्तर ब्रिटिश वजनांत आहे. मुंबईची कँडी ७८४ पौंडांची ठरली होती, त्याचे ३५५.६ किलो होतात. मूळ शब्द आपली 'खंडी', वीस मणांची. म्हणजे मराठी शब्द इंग्रजांनी उचलला, त्यांच्या पौंडांत बसवला आणि आपण तो इंग्रजी समजून परत घेतला. गाठीचं माप वेगळं आहे हे विसरू नका. एक गाठ १७० किलोची, म्हणजे एका कँडीत दोन गाठींहून थोडी जास्त रुई. भाव वाचताना क्विंटल कापसाचा, कँडी रुईची आणि गाठ दाबलेल्या रुईची. बातमीत हे तिन्ही एकत्र आले की हिशेब चुकतो. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी.

गोळीची 'कँडी' मात्र खंडीतून आलेली नाही. ती संस्कृत 'खंड' म्हणजे साखरेचा खडा, त्यातून फारसी 'कंद', अरबी 'कंदी', मग फ्रेंच आणि शेवटी इंग्रजी. आपली 'खांड' याच घरातली.

सातपुडा_पायथा
मग खान्देश हे नावही खांडेवरून का? इथे ऊस, साखर…

तापीकाठ
नाही. तापीकाठचे फारुकी राज्यकर्ते 'खान' किताब लावत, त्यावरून हे नाव पडलं ही मांडणी रूढ आहे, आणि कान्हदेश ही दुसरी. खांडेचा संबंध जोडायला उच्चाराखेरीज कोणताही आधार नाही.

रूळ_आणि_सांधा
भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात 'बोगी' शब्दावर बोललंच पाहिजे. प्रवासी म्हणतो 'आपली बोगी मागे आहे'. पण वर्कशॉपमध्ये बोगी म्हणजे डब्याखालचा गाडा. चौकट, दोन आस, चार चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेकची जोडणी मिळून एक बोगी. एका डब्याखाली दोन बोग्या, म्हणजे आठ चाकं. जुन्या आयसीएफ पद्धतीचा डबा असो की नव्या एलएचबी पद्धतीचा, मांडणी हीच. एलएचबीखालची बोगी फियाटच्या रचनेची. शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, तिथे तो बुटक्या गाड्याला वापरत. हा गाडा डब्याखाली मधल्या खुंट्याभोवती फिरतो म्हणून लांब डबा वळणावर जाऊ शकतो. आधीच्या चार चाकी डब्याचे आस चौकटीला पक्के असायचे, त्यामुळे डबा फार लांब करता येत नसे. बोगीवाले लांब डबे आले तेव्हा त्यांना 'बोगी कॅरेज' म्हणू लागले आणि आपण त्यातला पहिलाच शब्द ठेवला. तक्रार लिहिताना 'डबा' किंवा 'कोच' लिहा. 'बोगीत आवाज येतो' असं लिहिलं तर कर्मचारी चाकांकडे बघायला जाईल, तुम्हाला दाखवायचा असेल दरवाजा.

'कोच' हंगेरीतल्या कोच गावावरून. व्हिएन्ना आणि बुडा यांच्यामधल्या वाटेवरचं हे गाव पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्यांसाठी नावाजलेलं. तोच शब्द शिकवणीला कसा लागला? ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८३० च्या सुमारास खासगी शिक्षकाला 'कोच' म्हणायला सुरुवात केली, कारण तो परीक्षेतून वाहून नेतो. खेळाचा प्रशिक्षक त्यानंतरचा. म्हणजे आज प्रतिष्ठित वाटणारं कोचिंग हे जन्माने विद्यार्थ्यांचं स्लँग आहे.

अहिराणी_बोल
रूळभाऊ, 'सिग्नल'ला आपण 'सिंगल' म्हणतो ते लोकांना अडाणीपणाचं वाटतं. ते तसं नाही, त्यामागे नियम आहे. दोन व्यंजनं चिकटून आली की आपली बोली एक तर मध्ये स्वर घालते किंवा त्यांची जागा बदलते. फिल्मचं फिलीम, ब्रशचं बुरूस, ग्लासचा गिलास. स्टेशनचं ठेसन होताना पहिला 'स' गळतो. अहिराणीत आपण 'काळा'चं 'काया' आणि 'डोळा'चं 'डोया' करतो, तेही असंच नियमाने. बोलीला नियम नसतो असं म्हणणाऱ्यांना ही यादी दाखवावी. लाईट गई, मोटर बंद पडी गई, या एका वाक्यात दोन इंग्रजी नामं आणि बाकी सगळं व्याकरण अहिराणीचं आहे. शब्द उसने घेतल्याने भाषा बुडत नाही. क्रियापदं आणि प्रत्यय आपले राहिले पाहिजेत.

आणखी एक उपयोगी कसोटी. इंग्रजी 'टी' आपल्या कानाला 'ट' ऐकू येतो, म्हणून टायर, टेबल, स्टार्टर. पोर्तुगीज 'टी' दंत्य, तो 'त' होतो: फीत, मिस्त्री, इस्त्री. त्यामुळे गॅरेजचा मिस्त्री इंग्रजी 'मास्टर'चा अपभ्रंश नाही, तो पोर्तुगीज 'मेस्त्री'. कसोटीला अपवाद आहेत. तिकीट इंग्रजी असूनही 'त'ने सुरू होतं आणि बटाटा पोर्तुगीज असूनही दोन 'ट' घेऊन बसलाय. म्हणून ही कसोटी एकटी वापरू नका, पुरावा सोबत हवा. मार्केट यार्डातला 'लिलाव'ही पोर्तुगीज. पगार, चावी आणि साबणही.

निंभोरा_बाग
अहिराणी ताई, तुमच्या नियमातच आमचं 'कॅरेट' बसतं. केळी आणि टोमॅटो भरायचं प्लास्टिकचं कॅरेट म्हणजे इंग्रजी 'क्रेट'. 'क्र' फोडून मध्ये स्वर आला. क्रेटचं नातं लॅटिनमधल्या विणलेल्या जाळीशी सांगतात. आधी वेताची चौकट, मग लाकडी खोका, आता प्लास्टिक.

केळीतले बाकीचे शब्द. 'जी-नाईन' वाणाचं नाव ऐकून आधी आठ वाण होऊन गेले असतील असं वाटतं. तसं नाही. नाव आहे 'ग्रँड नैन', फ्रेंच. 'नैन' म्हणजे बुटकी, 'ग्रँड' म्हणजे मोठी. बुटक्या वाणांतली उंच, असा सरळ अर्थ. 'नैन'चं कानावर 'नाईन' झालं आणि मग पाकिटावर नऊचा आकडाच आला. रोपं मागताना दोन्ही नावं एकाच वाणाची हे माहीत असलं की जास्तीचे पैसे जात नाहीत. हा वाण कॅव्हेंडिश गटातला. ते नाव डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांचं. त्यांच्या चॅट्सवर्थच्या बागेत माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३० च्या दशकात काचेच्या घरात ही केळ वाढवली.

पानांवरच्या करप्याला कृषी सेवा केंद्रात 'सिगाटोका' म्हणतात. ते फिजी बेटांवरच्या एका खोऱ्याचं नाव. औषध घेताना 'करपा' एवढंच सांगितलं तर तो कोणत्या पिकाचा, कोणत्या बुरशीचा, हे उरतंच. म्हणून इथे परका शब्द जास्त नेमका आहे. आणि 'बनाना' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांतून पोर्तुगीज-स्पॅनिश खलाशांमार्फत इंग्रजीत गेला.

सराफ_कट्टा
कॅरेटवर थांबा, जळगावात तर ते वेगळंच. सोन्याचं कॅरेट ग्रीक 'केराटियन'वरून, म्हणजे कॅरोब या झाडाच्या शेंगेतली बी. अरबीत 'किरात' झालं, मग युरोपात गेलं. आता यात दोन मापं आहेत आणि गिऱ्हाईक नेमकं इथेच फसतं. हिऱ्याचं कॅरेट वजन आहे, २०० मिलिग्रॅम. सोन्याचं कॅरेट शुद्धता आहे, चोवीस भागांत किती भाग सोनं. बावीस भागिले चोवीस म्हणजे ०.९१६, म्हणून दागिन्यावर ९१६ चा शिक्का. अठरा कॅरेटवर ७५०. अमेरिकेत या दोन मापांची स्पेलिंग वेगळी लिहितात, ब्रिटिश पद्धतीत एकच, आणि मराठीत तर तिसरं केळीचंही त्यातच. बिलावर 'कॅरेट' दिसलं की समोरचा आकडा शुद्धतेचा की खड्याच्या वजनाचा, हे विचारून घ्या.

'गिन्नी' हे इंग्लंडचं १६६३ पासूनचं नाणं. आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्याचं सोनं, म्हणून ते नाव. आपण आज जिला गिन्नी म्हणतो ती ८ ग्रॅमची, वजनाने इंग्लंडच्या सॉव्हरिनच्या जवळची. मूळ गिनी त्याहून किंचित जड होती.

सातपुडा_पायथा
शाळेच्या ग्रुपवर आलंय: 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ. 'गोल्फ' म्हणजे फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी. 'पॉश' म्हणजे भारतात येताना जहाजाची डावी बाजू, जाताना उजवी, कारण सावली. यातलं खरं किती?

तापीकाठ
एकही नाही, आणि तिन्ही एकाच पद्धतीने खोडता येतात. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. या प्रकाराला इंग्रजीत जे नाव आहे, 'ॲक्रोनिम', तेच १९४० च्या दशकात रूढ झालं. तेव्हा त्याआधीच्या शतकांतल्या शब्दाला आद्याक्षरांची फोड कुणी दिली, तर आधी संशय घ्यावा.

'न्यूज' हे 'न्यू'चं अनेकवचन, 'नव्या गोष्टी'. फ्रेंचमध्ये बातमीला असाच शब्द होता, त्याच्या वळणावर इंग्रजांनी हा घडवला. 'गोल्फ'चा उल्लेख स्कॉटलंडच्या १४५७ च्या कायद्यात आहे. लोक धनुर्विद्या सोडून खेळतात म्हणून त्यात बंदी घातली होती, आणि स्पेलिंगही आजच्यापेक्षा निराळी होती. शब्दाची अक्षरं दर शतकाला बदलत असतील तर ती आद्याक्षरं असणार कशी? 'पॉश'ची कथा मोहक आहे, पण पी अँड ओ या जहाज कंपनीच्या तिकिटांवर तशी अक्षरं छापल्याचा एकही पुरावा मिळालेला नाही. लंडनच्या जुन्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा, नाणं. रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेत तो 'अर्धा'. हा धागा जास्त पटणारा आहे.

खरी आद्याक्षरंही आहेत. रडार १९४० च्या सुमाराचा. शेत सपाट करायच्या लेझर लेव्हलरमधला 'लेझर' १९५० च्या दशकातला. 'एसओएस' मात्र 'आमचे जीव वाचवा'चं लघुरूप नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ही ओळखायला सोपी खूण जर्मनीने १९०५ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०६ मध्ये ठरवली, अर्थ मागून चिकटवला.

'ओके'चा जन्म तर तारखेसकट माहीत आहे. बोस्टनच्या एका दैनिकात २३ मार्च १८३९ रोजी 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापली. तेव्हा तिथल्या पत्रकारांत ती फॅशन होती. बाकीची अशी लघुरूपं विरली. हे टिकलं, कारण पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या गावावरून 'ओल्ड किंडरहुक' म्हणून तीच अक्षरं प्रचारात घेतली. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून १९६० च्या दशकात हे सिद्ध केलं.

धुळे_मेन_रोड
नव्या पोरांच्या शब्दांवर कुणी बोलणार का? माझ्याकडून तीन. शेतात 'ड्रिप' म्हणजे ठिबक, दवाखान्यात सलाईन, इन्स्टावर भारी कपडे. तिसरा अर्थ अमेरिकेच्या हिप-हॉपमधला. गंमत अशी की १९३० च्या दशकात त्याच इंग्रजीत 'ड्रिप' म्हणजे रटाळ माणूस होता. 'गोट' म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, हे खरं आद्याक्षरांचं. पण अमेरिकेत त्याआधी सामना ज्याच्यामुळे हरला त्या खेळाडूला 'गोट' म्हणत, म्हणजे नेमकं उलट. आणि 'रिझ' हा 'करिष्मा'साठीच्या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा, ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडलेला.

निंभोरा_बाग
ठिबकचा विषय निघालाच आहे तर 'व्हेंच्युरी' पण. इटलीचे शास्त्रज्ञ जोव्हान्नी व्हेंतुरी, १७४६ ते १८२२. नळी मध्ये अरुंद केली की तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बाजूच्या नळीतून खताचं द्रावण ओढलं जातं. ओढत नसेल तर बहुतेक वेळा आत आणि बाहेरच्या दाबात पुरेसा फरक पडत नसतो. बायपासचा कॉक थोडा आवळावा लागतो.

'पाचची मोटर' यातला पाच म्हणजे हॉर्सपॉवर. जेम्स वॉटने वाफेचं इंजिन विकताना घोड्याशी तुलना करून हे माप ठरवलं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून पाचची मोटर ३.७३ किलोवॅटची.

काळी_कसदार
आणि 'डीपी'. गावात 'डीपी जळाली' म्हणजे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर, गेलं. 'डी' हा 'डिस्ट्रिब्यूशन'चा. पण खांबावरच्या किटकॅट फ्यूजांच्या पेटीलाही आपण डीपीच म्हणतो. तक्रार देताना 'रोहित्र' की 'फ्यूजपेटी' हे स्पष्ट लिहा, आणि रोहित्र असेल तर क्षमता, ६३ की १०० केव्हीए, तेही लिहा. पेटीतला फ्यूज तारेच्या तुकड्याने होतो, रोहित्र बदलायला गाडी लागते. त्यामुळे चुकीचा शब्द गेला तर चुकीचा माणूस येतो. मोबाइलवरची डीपी म्हणजे 'डिस्प्ले पिक्चर', बाकी जगात त्याला बहुधा 'प्रोफाइल पिक्चर' म्हणतात.

अहिराणी_बोल
आता उलटा प्रवास. मुंगूस इंग्रजीत सतराव्या शतकातच गेलं, आणि ते मराठीतून गेलं. शेवटचा भाग इंग्रजी 'गूज' या हंसासाठीच्या शब्दासारखा वाटतो, म्हणून काहीजण अनेकवचन 'मोंगीस' करतात. ते चूक, कारण हंसाशी त्याचं नातंच नाही.

इंग्रजी 'पाल' म्हणजे दोस्त, तो रोमानीतून, आणि रोमानीत तो भाऊ. संस्कृत 'भ्रातृ'चाच वंशज. 'कुशी नोकरी' म्हणजे आरामाची, तो आपला खूश. 'लूट' आणि 'ठग' तर जसेच्या तसे.

रूळ_आणि_सांधा
आपल्याच लोहमार्गावरचं राहिलं. इंग्लंडमध्ये कुणाचं डोकं फिरलं तर 'डूलाली' झाला म्हणतात. ते देवळाली, नाशिकजवळची. मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघत. जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटत, त्यामुळे मोसम संपताना आलेल्यांना महिनोन्‌महिने ऊन, ताप आणि रिकामपण. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलाली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. नंतर इंग्रजांना तापाचा अर्थ कळेनासा झाला, तेव्हा तो गळून गेला आणि गावाचं नाव तेवढं उरलं.

सातपुडा_पायथा
मुंगूस, खंडी, डोंगरी, देवळाली आणि ताप. शाळेच्या फलकासाठी हे पाच घेतो. शब्दासमोर मूळ, काळ आणि बदललेला अर्थ असे तीन रकाने करतो. कुणाकडे धुळे-नंदुरबारच्या बाजूचे, विशेषतः गिरणी आणि दूध संघातले शब्द असतील तर इथेच टाका.